तालुक्याच्या ग्रंथालयाचं 'कोहा' क्लाउडवर: शोध का लागत नाही, सर्व्हर का बसतो आणि काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातलं 'ब' वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय. पंचवीस हजारांच्या आसपास पुस्तकं. यादी एक्सेलमध्ये आहे आणि तिचा जुना भाग श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीत टाइप केलेला आहे. भाच्याने लॅपटॉपवर कोहा हे ग्रंथालयाचं मुक्त सॉफ्टवेअर चालवून दाखवलं, मग एक जीबी रॅमचा क्लाउड सर्व्हर घेऊन तिथे चढवलं. आता मराठी शब्द टाकला की शोध रिकामा येतो आणि दिवसाआड सगळं बंद पडतं. कार्यकारिणीत विषय निघालाय की हे गुंडाळून एखाद्या कंपनीचं वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर घ्यावं का.

गुंडाळू नका. तुमच्या दोन्ही तक्रारी कोहाच्या नाहीत, ते जिथे आणि जसं बसवलंय त्याच्या आहेत. कोहा मुळात छोट्या गावांच्या ग्रंथालयांसाठीच लिहिलं गेलं. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली वाय-टू-के, म्हणजे सन २००० च्या तारखांचा घोळ, पार करणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये काटिपो या कंपनीने ते तयार केलं आणि २००० च्या सुरुवातीला तिथे ते चालू झालं. पुढे ते जीपीएल परवान्याखाली खुलं झालं. पंचवीस हजार पुस्तकं म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. भाच्याने जिथे सोडलंय तिथून पुढचं सांगतो.

आधी रॅम. एक जीबीत कोहा चालू होतं, टिकत नाही. एकाच मशीनवर मारियाडीबी (डेटाबेस), अपाची (वेबसर्व्हर), झेब्रा (शोधयंत्र), मेमकॅश्ड (तात्पुरती साठवण), रॅबिटएमक्यू (कामांची रांग), पार्श्वभूमीत कामं करणारे वर्कर आणि प्लॅक (कोहाचा कोड मेमरीत तयार ठेवणारा भाग) असा सगळा संसार असतो. प्लॅकचा एकेक वर्करच सहज दीड-दोनशे एमबी खातो. रॅम संपली की लिनक्सचा कर्नल सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेली प्रक्रिया मारतो आणि ती बहुतेक वेळा मारियाडीबीच असते. मग डेटाबेस गेला, की देवघेवीच्या खिडकीवर '५००' असं कोरं पान. भाच्याला 'जर्नलसीटीएल'मध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, 'आउट ऑफ मेमरी' शोधायला सांगा. ती ओळ सापडेलच. चार जीबी घ्या, शिवाय दोन जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) करून ठेवा. काही कंपन्यांच्या मशीनवर स्वॅप मुळातच नसते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अगदीच पैसे नसतील तर दोन जीबी अधिक स्वॅप, पण मग इलॅस्टिकसर्च या जड शोधयंत्राचं नाव काढू नका, झेब्रावरच राहा.

स्वस्तातल्या मशीनमध्ये एक पाचर असते. काही प्रकारांत सीपीयूची शिल्लक साठते आणि वापरली की संपते. एरवी फुरसतीत असणाऱ्या ग्रंथालयाला ते चालतं, पण बॉटनी, म्हणजे आपोआप पानं चाळणाऱ्या प्रोग्रामनी, हल्ला केला की शिल्लक संपून सगळं गोगलगाय होतं. बॉटचं पुढे सांगतोच. मशीन भारतातल्या केंद्रातलं घ्या. मुंबई, पुणे, बंगळुरू, सगळीकडे मोठ्या कंपन्यांची केंद्रं आहेत. सभासदांचे पत्ते आणि फोन नंबर देशाबाहेर का ठेवले, या प्रश्नाला मग उत्तरच द्यावं लागत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम डेबियन स्टेबल. उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ देखभालीची) आवृत्तीही चालते, पण कोहाची पॅकेजेस डेबियनसाठीच आधी आणि नीट तपासली जातात. डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या बंदिस्त खोक्यात, बसवू का, असंही तुम्ही विचारलंय. एका ग्रंथालयाच्या एका सर्व्हरसाठी नको. उद्या भाचा नोकरीसाठी पुण्याला गेला की जो कोणी येईल, त्याला कोहा समजून घेता घेताच दमछाक होईल, वर कंटेनर कशाला? गिटमधून थेट कोड उतरवूनही बसवू नका. कोहा समुदायाची स्वतःची पॅकेजची भांडारं आहेत, तीच वापरा. भांडाराच्या ओळीत 'स्टेबल' असं लिहायचं नाही, आवृत्तीचा आकडा लिहायचा, उदाहरणार्थ २४.११, जी दीर्घकाळ देखभाल मिळणारी आवृत्ती आहे. कोहाची नवी मोठी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरात येते. 'स्टेबल' लिहिलं असेल तर एखाद्या दिवशी नेहमीचं अपग्रेड करताना तुम्ही नकळत नव्या आवृत्तीत उडी मारता, डेटाबेसची रचना आपोआप बदलते आणि परतीचा रस्ता फक्त बॅकअपमधून उरतो.

बसवण्याचं काम दुपारभरात होतं. 'कोहा-कॉमन' आणि मारियाडीबी बसवायचं, 'कोहा-साइट्स' या फाइलीत डोमेन आणि पोर्ट भरायचे, 'कोहा-क्रिएट'ने ग्रंथालयाचा इन्स्टन्स (कोहाची स्वतंत्र मांडणी) तयार करायचा, 'कोहा-पासडब्ल्यूडी'ने पासवर्ड पाहायचा आणि ब्राउझरमध्ये इन्स्टॉलर पुरा करायचा. नोंदींची पद्धत म्हणून मार्क २१ निवडा. इन्स्टन्सचं नाव छोटं आणि कायम टिकेल असं ठेवा, कारण डेटाबेस, लिनक्सचा वापरकर्ता आणि फोल्डर सगळ्यांना तेच नाव लागतं. 'टेस्ट१' असं नाव ठेवून सुरू झालेली ग्रंथालयं दहा वर्षं 'टेस्ट१'च राहतात. सर्व्हरचा टाइमझोन पहिल्याच दिवशी एशिया/कोलकाता करा, नाहीतर रात्रीची ठरलेली कामं पहाटे साडेपाच तास उशिरा होतात आणि कुणालाच कळत नाही की का. प्लॅक सुरू करायला विसरू नका. ते नसेल तर प्रत्येक क्लिकला सगळा पर्ल कोड नव्याने चढतो.

वाचकांचं पान आणि कर्मचाऱ्यांचं पान यांना दोन वेगळे सबडोमेन द्या. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांचं पान ८०८० पोर्टवर, साध्या एचटीटीपीवर जगासाठी उघडं असतं, म्हणजे ग्रंथपालाचा पासवर्ड उघड्यावरून ये-जा करतो. एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. ९० दिवसांचं असतं, पण सर्टबॉट हा प्रोग्राम ते आपोआप नवं करतो. त्यासाठी पोर्ट ८० बंद करू नका. नंतर कोहाच्या सिस्टीम प्रेफरन्समध्ये दोन्ही पानांचे मूळ पत्ते 'एचटीटीपीएस' लावून भरा, नाहीतर ईमेलमधल्या लिंका चुकीच्या जातात. एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याची सोय) पासवर्ड बंद, फक्त की-फाइल. कर्मचाऱ्यांच्या लॉगिनला कोहात दुहेरी पडताळणी आहे, ती चालू करा.

आता मराठी शोध. कोहा बसवणारे बहुतेक जण याच ठिकाणी हात टेकतात, म्हणून जरा खोलात जातो.

झेब्रा मूळ स्थितीत शब्द तोडण्यासाठी एक अक्षरतक्ता वापरतो. तो लॅटिन लिपी डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. देवनागरीसाठी तो काढून आयसीयू ही सगळ्या लिप्यांचे शब्द तोडणारी सोय लावायची. कोहाच्या झेब्रा फोल्डरात 'डिफॉल्ट' नावाची निर्देशांकाची फाइल आहे. तिच्यात अक्षरतक्त्याच्या ओळी टिप्पणीत टाकायच्या आणि त्यांच्या जागी आयसीयू-साखळीच्या (एकामागोमाग लागणाऱ्या नियमांच्या) ओळी चालू करायच्या. मग कोहाच्या प्रेफरन्समध्ये 'आयसीयू वापरा' असं सांगायचं, झेब्रा पुन्हा सुरू करायचा आणि 'कोहा-रीबिल्ड-झेब्रा' पूर्ण निर्देशांकासाठी चालवायचा. पंचवीस हजार नोंदींना चहा होईपर्यंत वेळ लागतो. एवढ्याने तुमचा रिकामा शोध भरेल.

पण भरला म्हणजे बरोबर आला असं नाही. शब्दांच्या आयसीयू-साखळीची फाइल उघडून वाचा. तिच्यात 'नॉनस्पेसिंग मार्क (स्वतःची जागा न घेणारी चिन्हं) काढून टाका' असा नियम असेल तर तो उडवा. फ्रेंच-स्पॅनिश अक्षरांवरची टिंबं-रेघा काढायला तो नियम चांगला आहे. आपल्याकडे घोळ असा होतो की युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, लेखी उकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी 'नॉनस्पेसिंग' आहेत, काना आणि वेलांट्या मात्र नाहीत. म्हणजे नियम राहिला तर 'मोरे' या आडनावाची मात्रा उडते आणि 'मोर' उरतो. लेखक शोधायला गेलेल्या वाचकासमोर पक्षिनिरीक्षणाची पुस्तकं येतात. 'फुले'चं 'फल' होतं. शोध चालतोय असं वाटतं, निकालही भरपूर येतात, त्यामुळे ही गडबड महिनोन्‌महिने लपून राहते.

दुसरी गडबड त्याहून बारीक आहे. 'कादंबऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो: एक, मराठीसाठी युनिकोडमध्ये असलेला 'ऱ' अधिक हलन्त, दोन, साधा 'र' अधिक हलन्त आणि त्यामागे न दिसणारं झेडडब्ल्यूजे हे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, सर्व्हरसाठी ते दोन वेगळे शब्द आहेत. तुमच्या यादीत काही नोंदी एका प्रकारच्या असतील, काही दुसऱ्या, कारण टाइप करणारे वेगळे, कीबोर्ड वेगळे. वाचक फोनवरून तिसरंच काही टाइप करणार. आयसीयूच्या साखळीतला नियंत्रण-चिन्हं काढणारा नियम झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही, कारण युनिकोड त्याला नियंत्रण-चिन्ह मानत नाही, स्वरूप-चिन्ह मानतं. उपाय दोन, आणि दोन्ही करा: डेटा आत घेण्याआधी सगळीकडे एकच रूप करून घ्या, मी 'ऱ' असलेलंच ठेवतो, आणि साखळीत एक बदलाचा नियम घाला, म्हणजे शोधणाऱ्याने काहीही टाइप केलं तरी ते त्याच रूपात येईल. 'वऱ्हाड', 'दुसऱ्या', 'गोष्टी सांगणाऱ्या' असे शब्द टाकून तपासा.

ऱ्हस्व-दीर्घाचं मात्र कुठलंही सॉफ्टवेअर पाहून देणार नाही. लेखकांची नावं एकसारखी असणं हे ग्रंथपालाचंच काम. आद्याक्षरांनंतर टिंब आणि मोकळी जागा कशी द्यायची हे एकदा ठरवा, कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा.

श्रीलिपीचा भाग. ती यादी मुळात युनिकोड नाहीच, फॉन्ट काढला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. परिवर्तक मिळतात, पण श्रीलिपीच्या फॉन्टचे गट वेगवेगळे असतात. चुकीचा गट निवडला तर बहुतांश अक्षरं बरोबर येतात आणि जोडाक्षरं फसतात, म्हणून 'ज्ञ', 'क्ष', 'श्र', 'द्ध', 'ऱ्ह', रफार आणि आकडे असलेल्या पन्नास-साठ नोंदी बाजूला काढून आधी त्याच तपासा. दाखल क्रमांकाचे आकडे तर जरूर तपासा. एक्सेलमधून बाहेर काढताना साधं 'सीएसव्ही' निवडलंत तर सगळ्या देवनागरीची प्रश्नचिन्हं होतील. 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. पुढे मार्कएडिट या प्रोग्रामने त्याच्या मार्क नोंदी करा आणि प्रती 'नऊशे बावन्न' या फील्डमध्ये घाला. दाखल नोंदवहीतला क्रमांक तिथे बारकोडच्या जागीही वापरता येतो, तुमच्या लेखापरीक्षकाला ते आवडेल.

आता दिवसाआड बसणारा सर्व्हर. रॅम वाढवूनही हे पूर्ण थांबणार नाही, कारण दुसरं कारण बाहेरून येतं. अपाचीचा वाचक-पानाचा लॉग उघडा. सर्व्हर बसला त्या तासातल्या ओळी पाहिल्या तर चित्र साधारण असं असेल: ओळीमागून ओळ 'ओपॅक-सर्च'ची (वाचकांच्या शोधपानाची), प्रत्येकीत तोच शोध पण डावीकडच्या गाळण्या वेगळ्या, लेखक अमुक, विषय तमुक, मग तेच उलट क्रमाने, मग त्यात मालिका जोडून. आयपी पत्ते निरनिराळ्या देशांतले, प्रत्येकाची एक-दोनच मागणी. माणूस असा शोधत नाही. एआयसाठी मजकूर गोळा करणारे बॉट प्रत्येक लिंकमागे जातात, आणि गाळण्यांच्या जोड्या लावल्या तर लिंका जवळपास अनंत होतात. कोहाच्या मूळ मांडणीत प्लॅकचे दोनच वर्कर असतात. दोन बॉट दोन जड शोधांत अडकले की तुमच्या खिडकीवरचा सभासद पुस्तक हातात धरून उभा.

रोबोट्स या बॉटना सूचना देणाऱ्या फाइलीत 'ओपॅक-सर्च'ला मनाई लिहा, सभ्य बॉट तेवढ्याने जातात. बाकीच्यांसाठी आयपी रोखून उपयोग नाही, ते दर मिनिटाला बदलतात. काम करतात ते दोन मार्ग: समोर क्लाउडफ्लेअरसारखी सेवा ठेवून शोधाच्या पत्त्यांवर तपासणी लावणं, किंवा स्वतःच्या सर्व्हरवर अनुबिस बसवणं. अनुबिस २०२५ च्या सुरुवातीला आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, पाहुण्याच्या ब्राउझरला आधी एक छोटं गणित सोडवायला लावतं. एक-दोन सेकंदांचा उशीर वाचकाला जाणवत नाही. मी छोट्या ग्रंथालयांना अनुबिस सुचवतो, कारण त्यात सगळी वाहतूक तिसऱ्याकडून जात नाही. रॅम चार जीबी झाली की प्लॅकचे वर्कर चारपर्यंत न्या. हे सगळं होईपर्यंत तात्पुरता उतारा हवा असेल तर वाचकांचं पान लॉगिनशिवाय दिसणार नाही असं करून ठेवता येतं. 'ओपॅक-पब्लिक' हा प्रेफरन्स त्यासाठीच आहे.

ईमेल जात नाही ही तक्रार तुम्ही अजून केलेली नाही, पण करणार आहात. बहुतेक क्लाउड कंपन्या ईमेल बाहेर पाठवण्याचं पोर्ट २५ बंद ठेवतात. विनवण्या करत बसू नका. एखादी ईमेल पाठवणारी सेवा घ्या आणि तिचा तपशील कोहाच्या एसएमटीपी सर्व्हरच्या पानावर भरा. एसएमएस हवे असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या व्यावसायिक एसएमएसच्या मंचावर नोंदणी करून साचे मंजूर करून घ्यावे लागतात. मी सुरुवातीला ती भानगड टाळायला सांगतो.

बॅकअपबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, पण ती फार कमी लोक पाहतात. कोहा रोज रात्री स्वतः बॅकअप घेतं, त्यामुळे सगळे निर्धास्त असतात. तो बॅकअप त्याच सर्व्हरच्या त्याच डिस्कवर, 'स्पूल'च्या फोल्डरात पडतो आणि मूळ मांडणीत फक्त दोन दिवसांचा राहतो. शनिवारी कुणी चुकून सभासदांची यादी पुसली आणि मंगळवारी लक्षात आलं, तर हातात काही नाही. दिवस वाढवून चौदा करा. रोजच्या दोन्ही फाइली, डेटाबेसची आणि मांडणीची, आरक्लोनने दुसऱ्या कंपनीच्या साठ्यावर पाठवा. आठवड्यातून एकदा ग्रंथालयातल्या संगणकावरही उतरवा. आणि एक तासाभराचा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर 'कोहा-रिस्टोअर' चालवून पाहा. सभासदांचे फोटो, पावत्यांचे साचे, शेवटची देवघेव सगळं दिसतंय का? त्या तासाचा खर्च चहाच्या कपाएवढा येतो.

वाचनाच्या इतिहासाचं एक. कोणी काय वाचलं याची नोंद कोहा पुस्तक परत आल्यावरही ठेवतं. तुम्हाला तिचा उपयोग नसेल तर ठराविक काळानंतर ती निनावी करण्याची सोय आहे, ती लावा. आधार क्रमांक तर नोंदीत टाकूच नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी गावात कोण काय वाचतं हे सर्व्हरवर पडून राहायला नको.

पैशांकडे कार्यवाहांनी स्वतः लक्ष द्यावं. क्लाउडचं खातं आणि डोमेन दोन्ही आत्ता भाच्याच्या जीमेलवर असणार. दोन्ही संस्थेच्या ईमेलवर आणा, संस्थेच्या नावाने जीएसटी बिल येईल असं करा. परदेशी कंपनीला कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाणं रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेटच्या नियमांमुळे, ऑक्टोबर २०२१ पासून, बेभरवशाचं झालंय. कोषाध्यक्षांचं डेबिट कार्ड बदललं, बिल अडकलं, इशाऱ्याचे मेल न वाचलेल्या पेटीत पडले आणि मशीन बंद, हे होऊ शकतं. रुपयांत बिल देणारी, यूपीआयने किंवा आगाऊ भरणा घेणारी कंपनी पाहा आणि वर्षाचे पैसे एप्रिलमध्येच भरून टाका. डोमेन तीन-पाच वर्षांसाठी एकदम घ्या.

वीज गेली किंवा ब्रॉडबँड पडलं तर देवघेवीसाठी एक वही खिडकीवर ठेवा: सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, वेळ. लाइन आली की नोंदी कोहात भरायच्या. मोबाइलचा हॉटस्पॉटही पुरतो, कोहाची कर्मचारी-पानं हलकी आहेत.

क्रम असा लावा. आधी नवा चार जीबीचा सर्व्हर घेऊन रिकामं कोहा बसवा आणि आयसीयू नीट करा. मग शंभर पुस्तकं आत घ्या, मराठी शोध तपासा, रिस्टोअर करून पाहा. ते जमलं की सगळी यादी एकदम आणा. चालू सर्व्हरवर दुरुस्त्या करत बसलात तर चुकीच्या निर्देशांकावर चुकीचा डेटा चढत जाईल. नवीन सभासद आणि नवीन खरेदी तेवढी लगेच कोहात घेत चला. जुनी देवघेव नोंदवही पहिला महिनाभर समांतर ठेवा, रोज संध्याकाळी बाहेर गेलेल्या पुस्तकांचा आकडा दोन्हीकडे जुळतोय का ते पाहा, आणि आकडे सलग आठवडाभर जुळले की मगच कार्यकारिणीपुढे नोंदवही बंद करण्याचा ठराव आणा.